जांभ्याचा हौद गळतोय: रोमन टाक्यांसारखं चुना-सुरखीचं अस्तर इथे जमेल का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

जुन्या घराच्या मागच्या अंगाला जांभ्या चिऱ्यांचा हौद आहे. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ५ फूट खोल. निम्मा जमिनीत, निम्मा वर. मूळचा चुन्याचा गिलावा बहुतेक निघून गेलाय. त्यावर दोनदा सिमेंटचा गिलावा झाला, सिमेंट-वाळू १:४, वॉटरप्रूफिंग पावडर घालून. दोन्ही वेळा दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुगे आले, पापुद्रे सुटले. एका कोपऱ्यात उभी बारीक भेग आहे. काठोकाठ भरला तर रात्रीत चार बोटं पाणी उतरतं. वापर झाडांना आणि भांडी-धुण्याला.

रोमन लोकांच्या पाण्याच्या टाक्या दोन हजार वर्षं टिकल्यात, त्यांच्या चुन्यात ज्वालामुखीची राख असायची असं वाचतो. आपला दगडही ज्वालामुखीचाच, मग इथली माती किंवा काळ्या दगडाची भुकटी त्या राखेऐवजी चालेल का? शिवाय रोमन काँक्रीट स्वतःची भेग स्वतः बुजवतं, त्यासाठी कळीचा चुना (भट्टीतून निघालेली ढेकळं) आधी पाण्यात न विझवता गरम-गरमच कालवायचा, असंही फिरतंय. ते हौदाला करावं का? प्रमाण, जाडी, किती माल लागेल हे कुणी नेमकं सांगेल तर बरं होईल.

ओळंबा (बेळगाव)

आधी गळती कुठून ते ठरवा, मग अस्तराचं बघू. हौद भरा, शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि दोन्हींवर खूण करा. बादलीत जेवढं उतरेल ते बाष्पीभवन, ते वजा करा. मग हौद तसाच सोडून द्या. पाणी एखाद्या पातळीवर येऊन थांबलं तर गळती त्या पातळीच्या आसपासच्या सांध्यात आहे. तळापर्यंत उतरत गेलं तर तळ किंवा तळ-भिंतीचा कोपरा. तुमच्या मापाने चार बोटं म्हणजे साधारण ४०० लिटर. नुसत्या पाझराला हा आकडा मोठा आहे, कुठेतरी वाट मोकळी आहे. कोपऱ्यातल्या उभ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून महिनाभर ठेवा. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकते आहे. मग पाया किंवा जवळच्या झाडाचं मूळ बघावं लागेल. कुठलंच अस्तर, रोमन असो की आजचं, सरकती भिंत धरून ठेवत नाही.

सिमेंट का सुटलं? जांभा मऊ आणि सच्छिद्र, १:४ चा गिलावा कडक आणि घट्ट. पावसाळ्यात बाहेरची ओल चिऱ्यातून आत येते आणि गिलाव्याच्या पाठीमागे अडते. उन्हात दगड आणि गिलावा वेगवेगळ्या मापाने हलतात, मग पकड सुटते आणि फुगा येतो. वॉटरप्रूफिंग पावडरने पाठीमागची ओल जात नाही, उलट कोंडते.

आता राखेचं. आपला काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा पसरून सावकाश थंड झाला, त्यामुळे त्यातलं बहुतेक द्रव्य स्फटिकांत बांधलं गेलं. नेपल्सच्या उपसागराकाठची पोझोलाना म्हणजे स्फोटातून उडालेली, क्षणात थंड झालेली राख. त्यात काचेसारखी, स्फटिक न बनलेली सिलिका आणि ॲल्युमिना असते आणि चुना तिच्याशीच जोडला जातो. काळ्या दगडाची भुकटी चुन्यात घातली तर ती वाळूचं काम करेल, एवढंच. आणि इथली काळी किंवा तांबडी माती म्हणजे त्या दगडाची झीज होऊन झालेली चिकणमाती. कच्ची चिकणमाती चुन्यात गेली तर फुगते, आकसते, भेगा पाडते.

पण तीच माती भाजली की गोष्ट बदलते. साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला चिकणमातीची मूळ रचना मोडते आणि सिलिका-ॲल्युमिना मोकळी होते. ती भाजकी माती कुटली की सुरखी, म्हणजे विटा-कौलांची भुकटी. रोमन लोकही, राख जवळ नसेल तिथे, फुटकी कौलं आणि मडकी कुटून हेच करत. तेव्हा तुम्हाला इटलीकडे बघायची गरज नाही, खानापूरच्या वीटभट्ट्या पुरेत.

प्राचीन_वाट (निपाणी)

सरांच्या शेवटच्या मुद्द्याला लेखी आधारच आहे. विट्रुव्हियस हा ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा रोमन स्थपती. त्याचं प्रमाण असं: खाणीतली वाळू असेल तर ३ भागांना १ भाग चुना, नदीची किंवा समुद्राची असेल तर २ भागांना १. आणि नदीच्या वाळूत एक-तृतीयांश भाग कुटून चाळलेली भाजकी वीट-कौलं घातली तर माल आणखी चांगला होतो. हौदासाठी तो वेगळं सांगतो: स्वच्छ, खरखरीत वाळू ५ भाग, जास्तीत जास्त तेज चुना २ भाग आणि फोडलेला कठीण दगड, पण एकही तुकडा एका रोमन पौंडापेक्षा, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅमपेक्षा, जड नको. हे सगळं चरात भरून टोकाला लोखंड बसवलेल्या लाकडी दांड्यांनी ठोकायचं. ठोकण्यावर त्याचा जेवढा भर आहे तेवढा आपल्या वाचनात येत नाही. सगळे राखेच्याच मागे लागतात.

वाळूची परीक्षाही त्याने दिली आहे. मुठीत चोळली की करकर वाजली पाहिजे. पांढऱ्या कापडावर टाकून झटकली की डाग राहता कामा नये. डाग राहिला म्हणजे माती आहे.

नमुना बघायचा तर नेपल्सजवळ मिसेनोची पिसिना मिराबिलिस. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातलं टाकं, सुमारे ७० मीटर लांब, २५ मीटर रुंद, १५ मीटर उंच, ४८ खांब, क्षमता १२ हजार घनमीटरच्या पुढे. आतून चुना आणि कुटलेल्या कौलांचं जाड अस्तर. अशा टाक्यांत आणि कालव्यांत एक खूण बहुतेक ठिकाणी दिसते: तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे काटकोन नसतो. तिथे चुना-सुरखीचा गोलसर पट्टा भरलेला असतो. भरल्या-रिकाम्या होण्याने पहिली भेग कोपऱ्यातच येते, म्हणून तिथे जाडी वाढवली आणि साफसफाईही सोपी झाली. तुमच्या हौदाला हा पट्टा आहे का ते सांगा. नसेल तर गळतीचं निम्मं उत्तर तिथे आहे.

फ्रान्समधल्या नीमच्या रोमन कालव्यातही, ज्याचा पूल म्हणजे पाँ द्यु गार, आतल्या अस्तरावर आणखी एक तांबडा लेप होता. प्लिनी या रोमन लेखकाने माल्था नावाचा लेप सांगितला आहे: ताजा कळीचा चुना दारूत विझवायचा, मग डुकराची चरबी आणि अंजीर घालून कुटायचा. (घरात हे सुचवू नका, जेवण बंद होईल.)

चिरेवाला_मेस्त्री (जांबोटी)

बोलणं बरोबर हाय सगळ्यांचं, पण काम पायरीने सांगतो.

जुनं सिमेंट सगळं काढा. निम्मं ठेवून निम्म्यावर चुना मारला तर जोडाची रेघ पहिल्या वर्षी फुटते. हलक्या हाताने छिन्नी मारा, जांभ्याला पहार लावू नका, चिरा कोपऱ्याला तुटतो. सांधे एक इंच खोल खरवडा. झाडाचं मूळ दिसलं तर नुसतं तोडून चालत नाही, बाहेरच्या बाजूने खणून काढायचं. मग ताठ ब्रशाने घासून धुळीचा कण काढा आणि दोन दिवस पाणी मारा. जांभा कोरडा राहिला तर चुन्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि माल भुसभुशीत राहतो. पण काम करायच्या वेळी वर पाणी चमकायला नको. ओला, पण निथळलेला.

मोठे सांधे आधी भरायचे, चुन्यात कौलाच्या कपच्या ठोकून. आठ दिवस जाऊ द्यात. मग तळ.

तळाला कोबा, म्हणजे चुना आणि खडीचा ठोकलेला थर. जुनी फरशी असेल तर उपटा, खालचा मुरूम ओला करून धुमसाने ठोका. वर विटेची-कौलाची खडी, अर्धा ते एक इंचाची, रात्रभर पाण्यात बुडवलेली. कोरडी खडी वापरली की कोबा गेला. खडी आणि चुन्याचा माल मिळून चार इंच पसरायचं, ठोकून तीन इंच करायचं. ठोकणं एका दिवसाचं नाही. पहिल्या दिवशी लाकडी चोपण्याने, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी शिंपडत पुन्हा, जोवर चोपणं उसळून परत येत नाही आणि वर खूण उमटत नाही तोवर. निचऱ्याच्या भोकाकडे दहा फुटांत दीड इंच उतार.

तळ-भिंतीच्या कोपऱ्यात तीन इंचाची गोलाई. उभ्या चारी कोपऱ्यांतपण तीच, वर निपाणीवाल्यांनी सांगितलंय ते रोमनच नाही, आपल्या जुन्या हौदांतपण असायचं. गोलाई तळाचा कोबा ओला असतानाच धरायची, नंतर चिकटवली तर ती वेगळीच राहते.

भिंतीला तीन थर. पहिला अर्धा इंच, खरबरीत, थापीने फेकून मारायचा, हाताने चोपडायचा नाही. फेकल्याने तो छिद्रांत बसतो. वर आडव्या-तिरक्या रेघा ओढा. दुसरा अर्धा इंच, पहिला अंगठ्याने दाबून खूण पडेनाशी झाल्यावर, साधारण पाच-सात दिवसांनी, थंडीत दहा. तिसरा पाव इंचाच्या आत, बारीक सुरखीचा, आणि तो घोटायचा. गुळगुळीत दगडाने किंवा लोखंडी थापीने, अर्धवट सुकल्यावर, दाब देऊन. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसल्या तर शिंपडून परत घोटा, त्या मिटतात. तिसऱ्या दिवशी घोटून मिटत नाहीत.

सगळं झाल्यावर ओली पोती, कमीत कमी चार आठवडे. ऊन लागू देऊ नका, वर ताडपत्री. ऑक्टोबर संपता सुरू करा. एप्रिल-मेत करू नका आणि जूनच्या तोंडावर तर नकोच, आपल्याकडे एकदा लागला की हौद बाहेरूनच भरतो.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

खूप धन्यवाद सगळ्यांना. मेस्त्री, कोपऱ्यात गोलाईचा एक तुकडा शिल्लक आहे, बाकी सिमेंटवाल्यांनी फोडून काटकोन केलेला दिसतो. आता सुरखी कुठली घ्यायची? घरावरून उतरवलेली मंगळुरी कौलं ढीगभर पडली आहेत, ती कुटून चालतील का? आणि चुना कुठला? इथल्या दुकानात पिशवीतली पांढरी भुकटी मिळते.

भट्टीचा_चुना (गोकाक)

ती भुकटी रंगाची असते. नुसता सुण्णा (कन्नडमध्ये चुना) मागितला की तीच हातात पडते. किती जुनी, किती हवा लागलेली, काही कळत नाही. हवा लागलेला चुना म्हणजे परत चुनखडीच, त्यात जोर राहत नाही. कळीचा चुना, ढेकळांचा, भट्टीतून निघून आठवड्याच्या आतला मागा. ढेकूळ हातात हलकं लागलं पाहिजे: १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला की ५६ किलो कळी उरते, बाकी वायू होऊन जातो. जड लागलं तर आत कच्चा गाभा आहे.

बागलकोट-लोकापूरकडच्या पट्ट्यात चुनखडक आहे तसा डोलोमाइटही आहे. दोन्हींची कळी दिसायला सारखीच. डोलोमाइटमधला मॅग्नेशियाचा भाग फार सावकाश विझतो. तुम्ही गिलावा घोटून मोकळे होता आणि चार-सहा महिन्यांनी आतला कण फुगून टिकलीएवढा खड्डा उडवतो. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये मॅग्नेशियमचा चुना म्हणूनच वेगळ्या वर्गात, डी मध्ये, टाकलाय आणि साधा शुद्ध चुना सी मध्ये. घरची परीक्षा: मुठीएवढं ढेकूळ पाण्यात टाका. चांगली कळी काही मिनिटांत सुसाट उकळून फुटते, पीठ होते. अर्धा तास गप्प बसली तर परत करा.

विझवायचं असं. आधी पाणी, मग त्यात चुना थोडा थोडा. उलटं केलं, ढिगावर पाणी ओतलं, तर वरचं उकळतं, आतलं जळून कोरडं राहतं आणि अंगावर उडतं. आकारमानाने एका भागाला तीन भाग पाणी. लोखंडी ड्रम किंवा खड्डा. प्लास्टिकची टाकी वितळते. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, पोरांना लांब ठेवा. डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि तसंच डॉक्टरकडे. रवी फिरवत राहा, दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळून खड्ड्यात सोडा, वर दोन इंच निवळी (निथळलेलं पाणी) कायम ठेवा. निवळी आटू दिली तर वरचा थर फुकट जातो.

किती दिवस? किमान तीन आठवडे, तीन महिने मिळाले तर उत्तम. प्लिनीने जुन्या रोमन बांधकाम-नियमातली अट नोंदवली आहे की कंत्राटदाराने तीन वर्षांपेक्षा ताजा चुना वापरायचा नाही. तोच पुढे म्हणतो की रोममधल्या इमारती कोसळतात त्या मुख्यतः चुना चोरल्यामुळे. कंत्राटदारांविषयीची तक्रारही पुरातनच म्हणायची.

कौलांबद्दल: मंगळुरी कौल जास्त आचेवर पक्कं भाजलेलं असतं. ९०० अंशांच्या वर गेलं की मातीत पुन्हा नवे स्फटिक बनू लागतात आणि चुन्याशी जुळायची ताकद उतरते. ढीगभर आहेत म्हणताय तर फोडून कोब्याची खडी करा, जाड सुरखीलाही घ्या. बारीक भुकटीसाठी मात्र भट्टीच्या कडेच्या, नारिंगी, थोड्या कमी भाजलेल्या विटा आणा. मधली काळपट, काचेसारखी झालेली झामा वीट नको. अगदी कच्चीही नको: रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटाने चिखल निघाला तर ती मातीच आहे.

मग खात्री करून घ्या. दोन-तीन भट्ट्यांची बारीक भुकटी आणा, प्रत्येकीचे २ भाग आणि चुन्याचा लोणा (मुरलेल्या चुन्याचा लगदा) १ भाग मळून लिंबाएवढे गोळे करा. ओल्या पोत्यात दोन आठवडे झाकून ठेवा, मग आठवडाभर पाण्यात बुडवा. ज्या भट्टीचा गोळा नखाने खरवडत नाही ती सुरखी घ्या. नुसत्या चुन्याचा एक गोळा तुलनेला ठेवा, तो पाण्यात विरघळत जाईल. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होणारा चुना आणि पाण्याखाली घट्ट होणारा चुना यातला फरक तिथेच दिसतो.

साखळी_फूट (चिकोडी)

एक शंका. चुना इतका हळू धरतो तर मालात घमेलंभर सिमेंट टाकलं तर काय बिघडतं? आणि जुने लोक गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे त्याचं काय?

ओळंबा (बेळगाव)

सिमेंट नको. ते काही तासांत ताठ होतं, भोवतीचा चुना अजून पाणी सोडून आकसत असतो. मग दोघांच्या ओढाताणीत बारीक भेगांचं जाळं येतं. शिवाय जांभ्याच्या पाठीला परत तोच कडकपणा नेऊन ठेवणार. सुरखी कमी पडत असेल तर तिच्या भुकटीचा थोडा भाग कमी करून औष्णिक केंद्राची फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) घाला, तीही पोझोलानाच्याच जातीची. पण सुरखी चांगली मिळाली तर तिचीही गरज नाही.

गुळाने चुना पाण्यात जास्त विरघळतो, मालाला कमी पाणी लागतं आणि तो जास्त वेळ मऊ राहतो. फायदा खरा आहे, पण चुन्याच्या वजनाच्या शेकडा एकच्या आतबाहेरच ठेवा. सढळ हाताने घातला तर माल धरतच नाही आणि मुंग्या आधी येतात. हौदाच्या आतल्या शेवटच्या थरात मी काहीच सेंद्रिय घालू देणार नाही. बुरशी आणि वास, दोन्ही पाण्यात उतरतात.

आता गरम कालवण्याचं, कारण तो प्रश्न अजून तसाच आहे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या ॲडमिर मॅसिक यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इटलीतल्या प्रिव्हर्नम या प्राचीन नगराच्या तटबंदीचे नमुने त्यांनी तपासले. रोमन मालात पांढरे चुन्याचे कण सगळीकडे दिसतात. पूर्वी ते निष्काळजी कालवण्याचं लक्षण मानत. या गटाचं म्हणणं असं की कळीचा चुना थेट राखेत मिसळून मग पाणी घातल्याने ते कण राहिले. पुढे भेग पडून पाणी आत गेलं की कण विरघळतो आणि त्या द्रवातून कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) बसून भेग बुजते. त्यांनी तशा पद्धतीने बनवलेले नमुने अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या भेगेसह तपासले, दोन आठवड्यांत पाणी वाहायचं थांबलं.

नीट वाचा: अर्धा मिलिमीटर. तुमच्या कोपऱ्यातल्या भेगेत पोस्टकार्ड शिरत असेल तर ती याच्या सीमेवर आहे, नखाची कड शिरत असेल तर पलीकडे. आणि तो नमुना तटबंदीच्या गाभ्याचा आहे, गिलाव्याचा नव्हे.

प्राचीन_वाट (निपाणी)

हा भेद खुद्द रोमन लोकांनी पाळलेला होता. गिलाव्याच्या चुन्याबद्दल विट्रुव्हियस अगदी कडक आहे: चुना बराच आधी विझवून मुरवा, नाहीतर कच्चे कण नंतर फुटून गिलावा उखडतात. परीक्षा म्हणून तो चुन्याच्या खड्ड्यात कुदळीसारखं हत्यार मारायला सांगतो. खडे लागले तर चुना मुरलेला नाही. हत्यार कोरडं, स्वच्छ बाहेर आलं तर चुना दुबळा. गोंदासारखा चिकटून आला तर तयार. म्हणजे जाड भिंतीच्या गाभ्यात कण चालले, पाव इंचाच्या थरात नाही.

समुद्रातली गोष्ट आणखी वेगळी. बंदरांसाठी तो राखेचे २ भाग आणि चुन्याचा १ असं सांगतो. हेरोद राजाने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस कैसरियाचं बंदर बांधलं तेव्हा राख नेपल्सच्या उपसागरातून जहाजांनी पार पूर्व भूमध्य किनाऱ्यावर नेली होती. समुद्राच्या पाण्याने त्या मालात पुढे नवी खनिजं वाढली आणि तो आणखी घट्ट झाला. ते गोड्या पाण्याच्या हौदाला लागू करू नका.

साखळी_फूट (चिकोडी)

मग रोममधल्या पँथिऑन मंदिराचा घुमट कसा काय उभा? तोही नुसत्या चुन्याचाच ना?

ओळंबा (बेळगाव)

विषयाबाहेर आहे, थोडक्यात सांगतो. व्यास सुमारे ४३.३ मीटर, लोखंडी सळई एकही नाही. युक्ती वजनाची आहे: पायात जड ट्रॅव्हर्टिन दगड, वर जाताना टफ (घट्ट झालेल्या राखेचा दगड) आणि विटा, माथ्याजवळ पाण्यावर तरंगणारा प्युमिस दगड. भिंत सहा मीटर जाड, माथ्याच्या झरोक्यापाशी घुमट सव्वा मीटरच्या आसपास. चुन्याचा माल दाबाला चालतो, ताणाला नाही. त्यांनी ताण येईल अशा जागीच वजन कमी केलं. सळई नसल्याने गंजून फुगायलाही काही नाही. आजच्या आरसीसीचं आयुष्य बहुतेक वेळा सळईच्या गंजाने ठरतं.

बरं, मालाचा हिशेब. तळ ६० चौरस फूट, भिंती १६० चौरस फूट.

पहिल्या दोन थरांना आणि कोब्याच्या मालाला प्रमाण एकच ठेवा म्हणजे गडी चुकणार नाही: चुन्याचा लोणा १ घमेलं, बारीक सुरखी १, जाड सुरखी (दोन ते पाच मिलिमीटर) १, धुतलेली वाळू १. एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेणार असाल तर आधी धुवा, तिच्यातलं पीठ भेगा आणतं. वरच्या थराला लोणा १, बारीक सुरखी दीड, बारीक वाळू अर्धा. बारीक सुरखी म्हणजे मैद्याच्या चाळणीतून पडणारी; पोझोलानाचं काम हीच करते, जाड तुकडे ओल धरून ठेवतात आणि आकसणं कमी करतात.

भिंतींना सव्वा इंच सरासरी धरून १७ घनफूट येतं, चिऱ्यांची उंच-सखल आणि सांध्यांसाठी २० धरा. कोब्याला विटेची-कौलाची खडी १६ ते १८ घनफूट आणि माल ७ घनफूट. लोणा पोकळ्यांत बसतो, त्यामुळे तयार माल साधारण सुरखी-वाळूच्या बेरजेइतकाच भरतो. म्हणून एकूण: बारीक आणि जाड मिळून सुरखी १८ घनफूट, वाळू ९, लोणा ९ ते १०. घमेलं १४ लिटरचं असेल तर एका घनफुटाला दोन. दहा घनफूट लोण्याला शुद्ध कळी दीडशे किलोच्या आसपास लागते. गाळात आणि कच्च्या गाभ्यात जाणारं धरून २०० किलो आणा. उरलेला लोणा निवळीखाली ठेवला तर बिघडत नाही.

पाणी जवळजवळ घालूच नका. लोण्यात निम्मं पाणी असतंच. माल सुरुवातीला कोरडा वाटतो, तेव्हा पाणी ओतायचा मोह होतो आणि तिथेच भेगांचं बी पडतं. चुना मळायची घाणी नसेल तर फावड्याने ढवळू नका, दांडक्याने कुटा. वीस मिनिटांत तो आपोआप सुटा होतो.

चिरेवाला_मेस्त्री (जांबोटी)

सरांच्या हिशेबाला माझी सही. दोन गोष्टी राहिल्या.

निचऱ्याचा पाइप. पीव्हीसीला चुना धरत नाही, गुळगुळीत असतो. पाइपाला बाहेरून खरकागद मारा, त्यावर सुतळी घट्ट गुंडाळा, भोवती दोन इंच माल ठोकून भरा. जमलं तर खापरी नळी किंवा दगडी मोरी ठेवा. चांगलं अस्तर केलेले हौद पाइपाच्या कडेनेच गळतात.

आणि पहिल्यांदा भरायचं ते एकदम नाही. पोती काढल्यावर एक फूट भरा, दोन दिवस बघा, मग आणखी एक फूट. पाच दिवसांत काठोकाठ केलात तर ओलं अस्तर दाबाने चिऱ्यांच्या खड्ड्यात बसतं आणि कडेला सुटतं. पहिली दोन-तीन पाणी ओतून द्या, झाडांनाही नको, चुन्याचा तेजपणा असतो. पीएचची पट्टी ८.५ च्या खाली दाखवायला लागली की वापरा.

पावसाळ्यात हौद कधी पूर्ण रिकामा ठेवू नका. बाहेर जमीन भरलेली, आत काही नाही, तर पाणी खालून कोबा उचलतं. निम्मा तरी भरलेला असू द्या, साफसफाई दिवाळीनंतर.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

काचेची पट्टी आज कोपऱ्यात लावली. कळी बागलकोटकडून मागवतोय, आधी मुठीएवढं ढेकूळ बघूनच. तीन भट्ट्यांच्या विटांचे गोळे पोत्यात ठेवले की इथे टाकतो. मेस्त्री, उतार निचऱ्याकडे म्हणालात, पण आमचं भोक मधोमध आहे, कडेला नाही. चारी बाजूंनी मध्याकडे उतार दिला तर कोबा ठोकताना अडचण येईल का?

चिरेवाला_मेस्त्री (जांबोटी)

येत नाही. भोकापासून चारी कोपऱ्यांना दोऱ्या ताणा, आधी त्या चार रेघांवर मालाचे पट्टे ठोकून घ्या, मग मधले चार त्रिकोण भरा. पट्टा आणि त्रिकोण एकाच दिवसात झाले पाहिजेत, नाहीतर जोड राहतो. साठ चौरस फूट दोन गडी एका दिवसात करतात. खडी आदल्या रात्री भिजत घातली असेल तर.